पर्यावरणीय मानसशास्त्र

मनुष्य ज्या परिसरात राहतो त्या परिसराचे त्याच्या विचारांवर, भावनांवर व वर्तनावर होणारे परिणाम आणि उलटपक्षी मनुष्य आपल्या परिसराला जे वळण देतो त्याचे स्वरूप, यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. परिसर या संज्ञेत येथे घर, शाळा, कारखाना, रुग्णालय, रस्ता, वस्ती व शहर ही मानवनिर्मित स्थाने आणि ध्वनी, प्रकाश, तापमान, झाडी व मोकळी जागा यांचा अंतर्भाव होतो. शेजारी, गर्दी, एकांत इ. सामाजिक घटक भौतिक परिसरापासून वेगळे काढता येत नाहीत, म्हणून त्यांचाही विचार या शाखेत केला जातो. परिसराचा परिणाम मेणावर होणाऱ्या उष्णतेच्या परिणामासारखा सरळ व सर्वत्र सारखा नसतो. त्या परिसराचा व्यक्ती कोणता अर्थ लावते आणि तो बदलणे, टाळणे किंवा निदान काही काळ त्यातून बाहेर पडणे तिच्या हाती कितपत असते, यांवर तो बव्हंशी अवलंबून असतो. या शाखेतील संशोधनातून पुनःपुन्हा पुढे आलेली ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर त्यातील पुष्कळसे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात.

पूर्वपीठिका : भूमी व हवामान यांचा मनुष्याच्या प्रकृतीशी संबंध असतो, ही कल्पना प्राचीन आहे. आयुर्वेदात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार मानून त्यांनुसार तेथील लोकांची प्रकृती व रोग यांचा विचार केलेला आढळतो. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ याच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांतही हवा, पाणी व स्थळे यांवर स्वतंत्र विवेचन आहे. पुढे या कल्पनेला विपरीत वळण लागले. अमेरिकन भूगोलज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टन (१८७६–१९४७) याने १९१५ मध्ये समशीतोष्ण हवामान हेच प्रगत संस्कृतीचे कारण असल्याचा सिद्धांत मांडला व त्याच्या आधारे उष्ण कटिबंधातील लोकांना कर्तृत्वाने कनिष्ठ ठरविले. हा निष्कर्ष शास्त्रापेक्षा साम्राज्यवादी आत्मसंतोषाला अधिक जवळचा होता, हे आता सर्वमान्य आहे. तथापि त्यामुळे पर्यावरणनियतिवादाविषयी निर्माण झालेली अढी इतकी मोठी होती, की परिसराच्या वास्तव परिणामांचा अभ्यासही काही काळ मागे पडला.

मानसशास्त्रात या विषयाची पायाभरणी कुर्ट ल्यूइन (१८९०–१९४७) याने केली. वर्तन हे व्यक्ती व तिचा परिसर या दोहोंचे फलित आहे, हे त्याने १९३६ मध्ये सूत्ररूपाने मांडले. ल्यूइनच्या दृष्टीने महत्त्वाचा परिसर म्हणजे व्यक्तीला जाणवणारा परिसर. त्याचा सहकारी रॉजर बार्कर (१९०३–९०) याने मात्र प्रत्यक्ष स्थळांकडे लक्ष वळविले. १९४७ मध्ये त्याने अमेरिकेच्या कॅन्ससमधील ऑस्कलूसा या लहानशा गावी एक निरीक्षणकेंद्र स्थापिले व तेथील रहिवाशांच्या दैनंदिन व्यवहारांच्या तपशीलवार नोंदी घेतल्या. एकच मूल वर्गात, दुकानात व खेळाच्या मैदानावर अगदी निराळे वागते. उलट भिन्न स्वभावांची मुले एकाच वर्गात बरीचशी सारखी वागतात. यावरून कोण वागत आहे यापेक्षा कोठे वागत आहे हे कळल्यास पुष्कळ वर्तनाचे भाकीत अधिक अचूकपणे करता येते, असे त्याने प्रतिपादिले. अशा स्थानांना त्याने ‘वर्तनस्थान’ या अर्थाची संज्ञा दिली. देवळात शिरताना आवाज आपोआप खाली येतो व बाजारात तो चढतो. त्यासाठी कोणी आज्ञा द्यावी लागत नाही.

स्वतंत्र शाखा म्हणून या विषयाला १९६० नंतर आकार आला. केव्हिन लिंच या नगररचनाकाराने १९६० मध्ये नागरिकांच्या मनातील शहराच्या प्रतिमेचा, तर एडवर्ड हॉल या मानवशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसे परस्परांत राखीत असलेल्या अंतराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हॉलने निकटचे संबंध सु. ४५ सेंमी.पर्यंत, व्यक्तिगत संबंध सु. १·२ मी.पर्यंत व औपचारिक संबंध सु. ३·६ मी.पर्यंतच्या अंतरात चालतात असे दाखविले. परंतु ही मापे मध्यमवर्गीय अमेरिकनांची असून ती संस्कृतीगणिक बदलतात, हेही त्याने स्वतःच नमूद केले. न्यूयॉर्क सिटी विद्यापीठात या विषयाचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम १९६८ मध्ये सुरू झाला. मनोरुग्णालये, सार्वजनिक गृहयोजना व शाळा यांच्या इमारतींबद्दल त्या वेळी उठलेल्या तक्रारींनी या संशोधनाला चालना दिली. ग्रंथालयात बसून सुचलेली ही शाखा नव्हे, आणि तिची सर्वांत भक्कम कामगिरीही प्रत्यक्ष वस्त्यांतच झालेली आहे.

परिसर आणि संवेदन : परिसराचा प्रभाव केवळ मनःस्थितीवर नव्हे, तर पाहण्याच्या क्रियेवरही होत असावा, असे सुचविणारा पुरावा आहे. सारख्या लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आतल्या बाजूला व दुसरीच्या टोकांना बाहेरच्या बाजूला वळलेली बाणाग्रे जोडली, तर दुसरी रेषा अधिक लांब भासते. हा म्यूलर-लायर भ्रम सर्व मानवांत सारखाच असावा, अशी समजूत होती. सीगल, कँबेल व हर्स्कोव्हिट्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात तो अमेरिकनांत तीव्र, तर आफ्रिकेतील काही समाजांत अतिशय सौम्य असल्याचे आढळले. काटकोनी भिंती, दारे व खिडक्या यांच्या सान्निध्यात वाढलेला डोळा कोनांचा अर्थ खोलीच्या कोपऱ्यांप्रमाणे लावण्यास सरावतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. या स्पष्टीकरणाबद्दल मतभेद आहेत.

ध्वनी : गोंगाटाच्या परिणामांविषयी तुलनेने निश्चित विधाने करता येतात. न्यूयॉर्कमधील एका प्राथमिक शाळेच्या इमारतीलगत उन्नत लोहमार्ग होता व दर काही मिनिटांनी जाणाऱ्या गाडीच्या आवाजाने त्या बाजूच्या वर्गांतील शिकविणे थांबत असे. ॲर्लीन ब्रॉन्झाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये त्याच शाळेतील दोन्ही बाजूंच्या वर्गांच्या वाचनपरीक्षांची तुलना केली. गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे होती व सहावीच्या वर्गात हे अंतर जवळजवळ एका वर्षाच्या अभ्यासाएवढे होते. त्यानंतर रुळांखाली रबरी गाद्या घालण्यात आल्या व वर्गांना ध्वनिशोषक छते बसविण्यात आली. १९८१ मधील पुनर्परीक्षणात दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. या अभ्यासाचे महत्त्व असे, की त्यात परिसर बदलताच परिणामही बदलला. त्यामुळे मागे पडणारी मुले मुळातच कमी कुवतीची होती, ही शंका घेण्यास जागा राहिली नाही. म्यूनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा अन्यत्र सुरू झाला, तेव्हाही असेच आढळले : जुन्या विमानतळाजवळील मुलांचे वाचन व दीर्घकालीन स्मरण सुधारले, तर नव्याच्या शेजारी राहणाऱ्या मुलांचे खालावले.

गोंगाटाची सवय होते, असे सामान्यतः म्हटले जाते. एका मर्यादित अर्थाने ते खरे आहे. आवाजाकडे दुर्लक्ष करण्यास मूल शिकते. पण ते करताना शिक्षकाच्या बोलण्यातील बारकाव्यांकडेही त्याचे दुर्लक्ष होऊ लागते. हमरस्त्यावर बांधलेल्या न्यूयॉर्कमधील उंच इमारतींतील मुलांचा अभ्यास कोहेन, ग्लास व सिंगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खालच्या, म्हणजे अधिक गोंगाटाच्या, मजल्यांवरील मुलांना उच्चारांतील सूक्ष्म भेद ओळखणे कठीण जात असल्याचे व त्यांचे वाचन कमी प्रतीचे असल्याचे दिसले. भारतात ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली लागू झाले. त्यांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती १०० मी.पर्यंतचे क्षेत्र शांतताक्षेत्र घोषित करता येते व तेथे दिवसा ५० डेसिबेल ही मर्यादा आहे. महानगरातील कोणत्याही रस्त्यालगतच्या शाळेत तास-दोन तास बसलेल्या व्यक्तीला या मर्यादेचे व्यवहारातील मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

ग्लास व सिंगर यांच्या १९७२ मधील प्रयोगमालेने या विषयाला वेगळी दिशा दिली. दोन गटांना सारखाच कर्कश व अनियमित आवाज ऐकविण्यात आला. एका गटाला, असह्य झाल्यास कळ दाबून आवाज बंद करता येईल, पण शक्यतो तसे करू नये, असे सांगितले होते. या गटाने सहसा कळीला हात लावला नाही. तरीही नंतर दिलेल्या, प्रत्यक्षात न सुटणाऱ्या कोड्यांवर त्यातील व्यक्ती पुष्कळ अधिक वेळ चिकाटीने काम करीत राहिल्या व मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या. दोन्ही गटांच्या कानांवर पडलेला आवाज एकच होता. भेद होता तो केवळ आपल्या हाती काही आहे या जाणिवेचा.

गर्दी : घनता आणि गर्दी यांत भेद करणे आवश्यक आहे. ठराविक जागेत किती माणसे आहेत हे मोजून मिळते ती घनता. जागा अपुरी असल्याची व इतरांचा संपर्क नकोसा होत असल्याची जाणीव म्हणजे गर्दी. हा भेद डॅनियल स्टोकोल्स याने १९७२ मध्ये स्पष्ट केला. त्यापूर्वी जॉन कॅलहून (१९१७–९५) याने पिंजऱ्यात वाढविलेल्या उंदरांवर केलेले प्रयोग १९६२ मध्ये फार गाजले होते. अन्नपाण्याची ददात नसतानाही संख्या वाढताच उंदरांमध्ये आक्रमकता, पिलांची हेळसांड व अलिप्तता वाढली. शहरांचे भवितव्य म्हणून या उंदरांचे चित्र वृत्तपत्रांतून रंगविले गेले. त्याच प्रयोगात ज्या कोपऱ्यातील कप्प्यांवर एखाद्या प्रबळ नराने ताबा मिळवून इतरांना मज्जाव केला होता, तेथील माद्या व पिले बऱ्यापैकी सुस्थितीत होती, या तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जोनाथन फ्रीडमन याने पुढे माणसांवर केलेल्या अल्पकालीन प्रयोगांत नुसत्या घनतेचे असे भयंकर परिणाम दिसून आले नाहीत. काही तास दाटीत बसणे व वर्षानुवर्षे दाटीच्या घरात राहणे यांची तुलना होऊ शकत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, व तो रास्त होता.

या संदर्भात भारतातील संशोधन विशेष महत्त्वाचे ठरले. भारतीय माणूस एकत्र कुटुंबात व दाटीवाटीत वाढतो, म्हणून त्याला गर्दी बाधत नाही, असे येथील सुशिक्षितही सहजपणे बोलून जातात. गॅरी एव्हान्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुणे विद्यापीठातील म. न. पलसाने प्रभृतींच्या सहकार्याने भारतातील नागरी कुटुंबप्रमुखांचा अभ्यास केला व तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील दरखोली माणसांची संख्या जसजशी वाढते, तसतशी मानसिक अस्वास्थ्याची लक्षणेही वाढतात, असे त्यात आढळले. त्याचे कारण अनपेक्षित होते. माणसे अधिक म्हणून आधार अधिक, असे घडत नव्हते. दाटीच्या घरातील व्यक्ती सततच्या संपर्कापासून बचाव करण्यासाठी मनाने अलिप्त होत जातात आणि त्यामुळे अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे परस्परांचे आधारच क्षीण होतात. एकांत न मिळणाऱ्या माणसाने गर्दीत राहूनच स्वतःपुरता निर्माण केलेला हा एक प्रकारचा एकांत असतो; पण त्याची किंमत घरातील नात्यांना द्यावी लागते.

याच संशोधकांनी, शेजवळ यांच्या सहभागाने, भारतातील श्रमिक कुटुंबांतील १० ते १२ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. अधिक दाटीच्या घरांतील मुलांना शाळेत जुळवून घेणे कठीण जात होते, त्यांची अभ्यासातील प्रगती कमी होती व आईवडिलांशी खटके अधिक उडत होते. मुलग्यांमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला. मुलींमध्ये संपादित असाहाय्यता, म्हणजे आपल्या प्रयत्नांनी काही घडत नाही असे वाटून प्रयत्नच सोडून देण्याची प्रवृत्ती, अधिक दिसली. हे परिणाम कुटुंबाच्या उत्पन्नातील फरक विचारात घेऊनही टिकून राहिले. म्हणजे ते केवळ गरिबीचे नव्हते. मुलगे निदान गल्लीत वा मैदानावर जाऊ शकतात, मुलींना तीही मोकळीक बहुधा नसते. हे लक्षात घेतले असता मुलींमधील असाहाय्यतेचा अर्थ लावणे कठीण जाऊ नये, असे वाटते.

सवयीच्या प्रश्नाचे उत्तर एव्हान्स व त्याच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणखी एका अभ्यासातून मिळते. अमेरिकेतील चार भिन्न वांशिक समूहांची त्यात तुलना केली होती. मेक्सिकन व व्हिएतनामी वंशाच्या लोकांना तेवढ्याच घनतेची घरे इतरांपेक्षा कमी गर्दीची वाटत होती; पण वाढत्या घनतेबरोबर मनस्ताप मात्र सर्वच समूहांत सारखाच वाढत होता. थोडक्यात, संस्कृतीमुळे तक्रार करण्याची पातळी बदलते, झीज टळत नाही.

मेळ्यातील गर्दी : याच्या उलट टोकाचे उदाहरणही भारतातीलच आहे. प्रयाग येथील माघमेळ्यात कल्पवासी यात्रेकरू जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सु. महिनाभर नदीकाठच्या तंबूंत राहतात. अष्टौप्रहर ध्वनिक्षेपकांचा आवाज, अपुऱ्या सोयी व अपार गर्दी अशा परिस्थितीत त्यांचे स्वास्थ्य ढासळावे, अशी अपेक्षा. भारतीय व ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यात्रेपूर्वी व यात्रेनंतर त्यांची पाहणी करण्यात आली, आणि मेळ्यास न गेलेल्या तत्सम लोकांच्या तुलनेत त्यांच्या स्वास्थ्याची भावना वाढल्याचे दिसून आले. दुसऱ्या एका प्रयोगात एकच संदिग्ध ध्वनिमुद्रण मेळ्यातील म्हणून ऐकविले असता ते सुखकर व शहरातील रस्त्यावरचे म्हणून ऐकविले असता त्रासदायक वाटले. आजूबाजूची माणसे आपली आहेत व सर्व एकाच हेतूने आलेले आहेत, ही भावना परिसराचा अर्थच पालटून टाकते. पंढरीच्या वारीत चाललेल्या माणसाला हे कोणी सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही. मात्र मेळा हा स्वेच्छेने पतकरलेला व ठराविक दिवसांनी संपणारा असतो. त्याचा दाखला देऊन दाटीच्या वस्त्यांचे समर्थन करणे योग्य होणार नाही.

घरे व वस्त्या : इमारतीच्या रचनेने शेजारसंबंध कसे घडतात, हे फेस्टिंगर, शॅक्टर व बॅक यांनी १९५० मध्ये दाखविले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री जमली ती मुख्यतः शेजारच्या दारातील, जिन्याजवळील वा टपालपेट्यांपाशी भेटणाऱ्या व्यक्तींशी; समान आवडीनिवडींचा वाटा अपेक्षेहून कमी होता. सेंट लुइस येथील प्रूइट-आयगो ही अकरा मजली ३३ इमारतींची गृहयोजना १९५० नंतरच्या दशकात उभारली गेली व १९७२ पासून ती पाडण्यास सुरुवात झाली. ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने तिच्या अपयशाचे खापर कोणाच्याच मालकीचे न वाटणाऱ्या जिन्यांवर, मार्गिकांवर व मोकळ्या आवारांवर फोडले. न्यूमनची निरीक्षणे मार्मिक होती. तथापि दुरुस्तीसाठी निधीचा अभाव, वर्णभेद व शहराची घटती लोकसंख्या ही कारणे त्याने गौण लेखली. इमारतीला सर्व दोष देणे सोयीचे असते, कारण इमारत पाडता येते.

मुंबईतील चाळींचा प्रश्न याच चौकटीत पाहता येतो. तत्कालीन मुंबई सरकारने १९२० मध्ये स्थापन केलेल्या विकास विभागाने नायगाव, वरळी, डिलाइल रोड व शिवडी येथे गिरणी कामगार व अन्य श्रमिक यांच्यासाठी चाळी बांधल्या. मधला बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना सु. १५ चौ. मी.च्या खोल्या आणि मजल्यागणिक सामाईक शौचालये, अशी त्यांची रचना आहे. खोलीच्या आतील घनता पाहिली, तर या चाळी कोणत्याही निकषावर अतिदाट ठरतात. परंतु बोळ, जिना व दोन चाळींमधील पटांगण ही जागा रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या घराचाच भाग म्हणून वापरली. मुले बोळात अभ्यास करीत, पुरुषमंडळी पटांगणात निजत, गणेशोत्सव व लग्नकार्ये तेथेच होत. पुनर्विकासाचे काम २०१७ मध्ये हाती घेण्यात आले व त्यात प्रत्येक कुटुंबाला सु. ४६ चौ. मी.चे स्वतंत्र घर बहुमजली इमारतीत देण्याची योजना आहे. वर सांगितलेल्या संशोधनाचा विचार करता, घर तिपटीने मोठे होणे व शौचालय घरात येणे हा निःसंशय लाभ आहे, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने. चाळीविषयीच्या स्मरणरंजनात तो झाकोळून जाऊ नये. मात्र विसाव्या मजल्यावरील आईला खाली खेळणारे मूल दिसत नाही व उद्‌वाहकातील शेजारी ओळखीचा होतोच असे नाही. बोळाने जे काम विनासायास केले, त्यासाठी नव्या रचनेत वेगळी जागा राखावी लागते. ती बहुधा वाहनतळाला जाते.

निसर्गसान्निध्य : रॉजर उल्‌रिक याने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७·९६ दिवसांत, तर विटांची भिंत दिसणारे ८·७० दिवसांत घरी गेले. पहिल्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णसंख्या अल्प असल्याने या आकड्यांवर अतिरिक्त भार टाकू नये. हिरवाईमुळे थकलेल्या अवधानाला विश्रांती मिळते, हे रेचल व स्टीव्हन कॅप्लन यांचे मत मात्र पुढील अनेक प्रयोगांत तपासले गेले असून त्याला बराच दुजोरा मिळाला आहे.

दाट वस्तीतील मुलांबाबत टी. डी. वॉक्स याने केलेले एक निरीक्षण येथे उल्लेखनीय आहे. गोंगाटाच्या व गजबजलेल्या घरातही मुलाला जाऊन बसता येईल असा एखादा शांत कोपरा असेल, तर त्याच्या बौद्धिक वाढीला त्याचा लाभ होतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील लहान घरांत असा कोपरा नसतो. महानगरपालिका, मंडळे व ग्रंथालये चालवीत असलेल्या अभ्यासिका ही ती उणीव भरून काढण्याची एक स्थानिक व्यवस्था होय. एक टेबल, एक दिवा, भोवती आपल्यासारखेच न बोलता वाचणारे इतर, आणि वाटेल तेव्हा येण्याजाण्याची मुभा एवढेच तेथे मिळते. परीक्षांच्या दिवसांत तेथे जागा मिळविण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. अनेक अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. मुलींना त्यांचा वापर किती वाजेपर्यंत करता येतो, हे मात्र अभ्यासिकेच्या वेळापत्रकावर नव्हे, तर तेथून घरापर्यंतच्या रस्त्यावरील दिव्यांवर अवलंबून राहते.